पाण्यावरची मेपलची पानं: चकाकी घालवू की आभाळ ठेवू?

मु.पो.नॅशुआ

मंडळी, कॅमेऱ्यातलं ज्यांना कळतं त्यांनी जरा मदत करा.

मी न्यू हॅम्पशायरमध्ये नॅशुआला राहते. घराजवळ माइन फॉल्स पार्क आहे आणि त्यात पूर्वी कापडगिरण्यांसाठी खणलेला कालवा. सध्या काठावरचे मेपल असे काही रंगलेत की रोज चालायला जाणारी माणसंसुद्धा थांबून बघतात. पण झाडांचे फोटो सगळेच काढतात, मला ते नकोत. कालव्याच्या एका वळणावर पाणी जवळपास थांबतं, तिथे पानं साचतात. लाल, शेंदरी, पिवळी, मधूनच एखादं अर्धं हिरवं राहिलेलं. पाणी गडद तपकिरी, आणि त्यात पलीकडच्या झाडांचं प्रतिबिंब. मला ते हवंय.

डोळ्यांना जे दिसतं ते फोटोत येत नाही. पानांवर पांढुरकी चकाकी येते, जणू कुणी त्यांच्यावर पीठ भुरभुरलंय. लाल पानं तर नुसते लाल डाग, शिरा वगैरे काही नाही. तिसरी गोष्ट मला अजिबात समजली नाही: पान स्पष्ट आलं की झाडांचं प्रतिबिंब धूसर होतं, आणि प्रतिबिंब स्पष्ट केलं की पान धूसर. अहो, दोन्ही एकाच पाण्यावर आहेत ना? मग फोकस वेगळा कसा?

कॅमेरा साधा आहे, एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस, सोबत मिळालेली १८-५५ ची लेन्स. ट्रायपॉड नवऱ्याचा आहे, धूळ खात पडलेला. दुकानदार म्हणतो लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर घ्या, चकाकी जाईल. ऑफिसमधला एक जण म्हणतो मुळीच घेऊ नका, चकाकीबरोबर प्रतिबिंबही जाईल. कुणाचं ऐकू?

किरमिजी

दुकानदाराचं. सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) लावा, फिरवा, फोटो काढा. विषय संपला.

तिपाईवाला

विषय तिथून सुरू होतो, किरमिजीराव.

ताई, दुकानदार आणि तुमचा ऑफिसवाला दोघंही खरं बोलतायत, आणि म्हणूनच दोघांपैकी कुणाचंच ऐकून भागणार नाही. मी मूळ कोल्हापूरचा, आता तुमच्यापासून अर्ध्या तासावर मँचेस्टरला. पाण्यावरच्या पानांचं वेड मलाही आहे आणि त्यापायी घरच्यांची बोलणीही भरपूर खाल्लीत. तेव्हा जरा सविस्तर लिहितो. घाई असेल तर किरमिजीरावांचा सल्ला आहेच.

एशर नावाचा डच चित्रकार होता, त्याचं १९५५ सालचं एक शिळाछापाचं चित्र आहे. नाव 'तीन जगं'. नेटवर शोधून बघा. पाण्यावर तरंगणारी पानं, त्याच पाण्यात उलटी दिसणारी निष्पर्ण झाडं, आणि खाली पोहणारा मासा. पाण्याचा पृष्ठभाग, पाण्यावरचं जग, पाण्याखालचं जग, तिन्ही एका चौकटीत. आपला सगळा घोळ याच तीन जगांचा आहे. एशर हाताने काढत होता, त्याला तिन्ही जमली. कॅमेऱ्याला सहसा दोनच धड जमतात. म्हणून काठावर गेल्यावर कॅमेरा बाहेर काढायच्या आधी ठरवायचं: पान आणि आभाळ, की पान आणि तळ? पान दोन्हीकडे आहेच. त्याच्या जोडीला कोण, एवढंच ठरवायचंय.

हे ठरलं की पुढचं काम फिल्टरचं नाही, तुमच्या गुडघ्यांचं आहे. पाण्याकडे सरळ वरून बघितलं तर पाणी जेमतेम दोन टक्के उजेड परत पाठवतं. त्यामुळे तळ दिसतो, आणि तळ खोल किंवा गढूळ असेल तर काळोख. जसजसं खाली बसाल, नजर पाण्याला समांतर होत जाईल, तसतसं पाणी आरशासारखं वागायला लागतं. फुकटातलं आणि सगळ्यात मोठं बटण हेच आहे. ट्रायपॉड बघाल तर पूर्ण उंच करून लावलेला, उभ्या उभ्या फोटो, आणि मग 'प्रतिबिंब का नाही आलं' म्हणून विचारायचं. बसा की खाली. बूड ओलं होईल, त्यासाठी प्लास्टिकची पिशवी न्या.

आता पोलरायझर. पाण्यावरून किंवा ओल्या पानावरून तिरकस परतलेला उजेड एका दिशेत जास्त थरथरतो आणि पोलरायझर नेमका तोच अडवतो. पण सगळ्या कोनांत सारखा नाही. पाण्याच्या बाबतीत तो सगळ्यात जोरात चालतो ते पाण्याच्या पृष्ठभागापासून साधारण ३७ अंशांवर. भूमितीची वही काढू नका. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल तर पान तुमच्यापासून दोन मीटर लांब हवं, एवढं लक्षात ठेवा. तिथे फिल्टर फिरवलात की पाण्यावरचं आभाळ अक्षरशः पुसलं जातं आणि खालचे दगडगोटे वर येतात. अगदी वरून बघताना किंवा अगदी आडवं बघताना त्याच फिल्टरची ताकद बरीच कमी होते. तेव्हा 'पैसे फुकट गेले' म्हणण्याआधी कोन तपासा.

तुमच्या ऑफिसवाल्याचा मुद्दा इथे येतो. पूर्ण फिरवलात तर प्रतिबिंब जाणारच. पण पोलरायझर म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, पंख्याचा रेग्युलेटर आहे. फिरवत फिरवत अशा जागी थांबायचं की पानावरचं पीठ झडलंय आणि पाण्यात अजून आभाळ शिल्लक आहे. ती जागा मिळते, कारण पानं काही पाण्यासारखी सपाट नसतात. वळलेली असतात, कडा वर आलेल्या असतात, प्रत्येकाचा कोन निराळा. एकाची चकाकी जाते, शेजारच्याची थोडी राहते. राहू दे. सगळीच चकाकी काढली तर पानं ओली वाटत नाहीत, कापडाची वाटतात. माझं मत विचाराल तर स्पर्धांना येणारे निम्मे फोटो याच हौसेपायी मरतात.

एक पथ्य: १८ मिमीवर पोलरायझर लावून मोठा पसारा टिपू नका. चौकटीच्या एका बाजूला कोन वेगळा, दुसऱ्या बाजूला वेगळा, मग अर्धं पाणी काळं आणि अर्धं पांढरं येतं. ३५च्या पुढे लेन्स ठेवा. फिल्टर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), तोही हिशेबात धरा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. खरं सांगतो, पूर्ण धाग्यात शाबासकी द्यावी असा प्रश्न तोच आहे. प्रतिबिंब पाण्यावर 'असत' नाही. आरशासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढताना कॅमेरा आरशाच्या काचेवर फोकस करत नाही, तुमच्यावर करतो, म्हणजे काचेपर्यंतचं अंतर अधिक काचेपासून तुमच्यापर्यंतचं अंतर. पाण्याचंही तेच. पान दीड मीटरवर आहे. पलीकडचा मेपल पाण्यापासून वीस मीटरवर असेल, तर त्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या लेखी साडेएकवीस मीटरवर. चौकटीत शेजारी शेजारी दिसतात, पण अंतराने एकमेकांच्या गावचे नाहीत.

यावर दोन वाटा आहेत. पहिली: तुमच्या कॅमेऱ्यावर लेन्स १८ला, अ‍ॅपर्चर एफ/११, हाताने फोकस दीड मीटरवर. पाऊण मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं चालण्यासारखं स्पष्ट येतं. मात्र या वाटेवर पोलरायझर काढून ठेवा, कारण मघाशीच सांगितलं. दुसरी: लेन्स ५५ला, एफ/८, फोकस पानाच्या शिरेवर. प्रतिबिंब विरघळून नुसता रंग उरतो. मला दुसरी आवडते. शेंदरी झाडाचं प्रतिबिंब गढूळलं की पाणीच शेंदरी होतं आणि त्यावर एखादं पिवळं बर्चचं पान, बास. पहिल्या वाटेचा फोटो माहिती देतो, दुसऱ्याचा बघत बसावासा वाटतो.

काही जण सुचवतील की वेगवेगळ्या फोकसचे फोटो काढून संगणकावर जोडा. दगडांना ठीक आहे. पानं वाहतात हो. कालव्यात पाणी थांबल्यासारखं दिसतं, पण एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत पान सरकलेलं असतं. म्हणून शटरही १/१२५ सेकंदापेक्षा हळू नेऊ नका. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवा; दाणे आले तर आले.

लाल डागांचं कारण सोपं आहे. चौकटीत काळं पाणी जास्त, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि लाल रंग आधी उतू जातो. एक्सपोजर उणे २/३ ते उणे १ करा. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, पांढरा नव्हे, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा लावा, कारण पांढरा ठीक दिसत असतानाच लाल उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. व्हाइट बॅलन्स ऑटो नको, डेलाइट. सावलीतल्या पाण्यात निळं आभाळ उतरतं, त्यावर शेंदरी पानं म्हणजे सोनं, आणि ऑटो नेमकी तीच निळाई दुरुस्त करायला जातं.

देवचाफा

तिपाईवाले, प्रिंट काढून ठेवावा असा प्रतिसाद.

फोनवाल्यांसाठी माझी भर. पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची एक काच फोनच्या लेन्ससमोर धरा आणि गॉगल हळूहळू फिरवा. पडद्यावर चकाकी जाताना दिसते. रंगाची झाक येते, ती नंतर काढता येते. पडद्यावरच्या पानावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो, मग उजेड खाली ओढायचा. माझ्या भिंतीवर लावलेला फोटो असाच काढलाय आणि आजवर कुणी ओळखलेलं नाही.

ओढ्याकाठी

पुण्यातून लिहितोय. तुमचे मेपल तुम्हाला लखलाभ, पण आमची पंचाईत वेगळीच आहे. आपल्याकडे पानं गळायला लागतात तोवर ओढे आटलेले असतात. साग, पळस, पिंपळ, सगळ्यांची गळती थंडीच्या शेवटापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. पाणी असतं तेव्हा रान हिरवंगार, पानं पडतात तेव्हा खाली दगड. त्यातल्या त्यात देशी बदाम कामाला येतो. गळायच्या आधी पान असं लालबुंद होतं की कुठल्याही मेपलने मान खाली घालावी. आमच्या सोसायटीच्या कारंज्याच्या हौदात जानेवारीत पडतात. हौद निळ्या फरशीचा आहे, तेवढं एक दुर्दैव.

प्रश्न असा की पान उचलून हवं तिथे पाण्यात ठेवलं तर चालतं का? की ती लबाडी?

किरमिजी

लबाडी कसली? स्टुडिओत फळांची टोपली मांडतात तेव्हा कुणी विचारतं का?

मु.पो.नॅशुआ

बापरे, एवढं सगळं! तिपाईवाले काका, मनापासून आभार. आरशाचं उदाहरण वाचून मी खरंच बाथरूममध्ये जाऊन बघून आले. आरशावरच्या डागावर फोकस केला की माझा चेहरा धूसर होतो. नवरा विचारत होता, काय चाललंय.

आज सकाळी गुडघ्यावर बसून विनाफिल्टरच काढले. उणे १ केल्याबरोबर लाल पानातल्या शिरा दिसायला लागल्या. चकाकी आहेच, पण आता ती कुठे हवी आणि कुठे नको हे तरी कळतंय. सीपीएल मागवते. माप कसं ओळखायचं? आणि एक: त्या वळणावर काही पानं हळूहळू गोल फिरत असतात, फेसाबरोबर. ते फिरणं फोटोत येईल का?

तिपाईवाला

काका म्हणालात, आता सल्ल्याची फी लागू.

माप लेन्सच्या तोंडावर लिहिलेलं असतं, गोलाला तिरकी रेघ मारलेल्या खुणेपुढचा आकडा. पुढे मोठी लेन्स घ्यायचा विचार असेल तर मोठ्या मापाचा फिल्टर आणि जोडकडी घ्या. मिररलेसला सर्क्युलरऐवजी लिनियर पोलरायझरही चालतो, पण बाजारात सीपीएलच जास्त मिळतात. तेव्हा डोकं लावू नका.

गोल फिरणारी पानं म्हणजे भोवरा. तो येतो, आणि झकास येतो, पण मघाशी १/१२५ सांगितलं ते इथे विसरायचं. इथे शटर सेकंदांत न्यायचं. सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे नुसता उजेड कमी करणारा काळा फिल्टर, लावला की १/१५चे चार सेकंद होतात. संध्याकाळी सूर्य गेल्यावर आयएसओ १००, एफ/१६ आणि तोच पोलरायझर, एवढ्यावर एनडीशिवायही भागतं. चार सेकंदांत पानांची नुसती शेपटं येतात. दहा-पंधरा सेकंदांत फेसाची आणि पानांची कडी पूर्ण होते. किती वेळ लागेल ते आधी एकाच पानावर नजर ठेवून मोजा. अर्धी फेरी मारायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यापासून सुरुवात करा. आणि चौकटीत एक तरी गोष्ट स्थिर हवी: दगड, किंवा दगडाला चिकटून बसलेलं पान. ते नसेल तर बघणाऱ्याला फोटो हललाय असंच वाटतं. ट्रायपॉड काठाच्या मऊ मातीत खचतो, पाय दगडावर टेकवा. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर.

ओढ्याकाठी, तुमच्या प्रश्नाबद्दल. लबाडी वगैरे मोठे शब्द नकोत, फोटो तुमचा आहे. फक्त अडचण अशी की मांडलेलं पान ओळखू येतं. माणूस नेहमी सगळ्यात देखणं, न फाटलेलं पान निवडतो, सुलटं ठेवतो आणि चौकटीच्या बरोबर एक तृतीयांशावर. वाऱ्याला एवढी अक्कल नसते. तो सगळी पानं एका काठाला ढकलतो, एकावर एक. त्यात उलटी, फिकट पाठ दाखवणारी, किडीने जाळी केलेली, अर्धी बुडालेली. शिवाय इथे शरद ऋतूत पांढऱ्या पाइनच्या जुन्या सुयाही गळतात, त्या सगळ्या पसाऱ्यात अडकलेल्या असतात. मांडलेल्या फोटोत पाइनच्या सुया कधी दिसत नाहीत. मी सिगारेटचं थोटूक किंवा प्लास्टिक दिसलं तर काढतो, पान हलवत नाही. निळ्या फरशीचं म्हणाल तर खाली बसा आणि आभाळ पाडा हौदात. फरशी गायब.

किरमिजीराव, टोपलीतली फळं फळवाल्याकडून येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. हा मुद्दा तुम्हीच मांडलात, म्हणून सांगितलं.

देवचाफा

न्यू हॅम्पशायरचा विषय निघालाय तर एलियट पोर्टरचं नाव यायलाच हवं. १९५३च्या ऑक्टोबरात त्याने तिथल्याच एका ओढ्यातल्या डबक्यावरची पानं टिपलीत. निळं आभाळ पाण्यात, वर विखुरलेली पानं. रंगीत छायाचित्राला कला मानायला लोक फारसे तयार नव्हते त्या काळातलं काम. तेव्हा ना हिस्टोग्राम होता, ना मागचा पडदा.

तिपाईवाला

बरोबर. आणि त्या फोटोत तुम्ही बघाल तर पानं निम्मीशिम्मी चौकट रिकामी सोडतात. रिकाम्या पाण्याला घाबरायचं नाही, हे मी त्याच्याकडूनच उचललं.

मु.पो.नॅशुआ

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. सीपीएल गुरुवारी येतोय. नॅशुआच्या पलीकडे कुठे जावं? सगळे कँकामेगस म्हणतात.

तिपाईवाला

कँकामेगस म्हणजे लिंकन ते कॉनवे, साडेचौतीस मैलांचा रस्ता. लोक त्यावर गाडी चालवत डोंगर बघतात आणि स्विफ्ट नदी बाजूने वाहतेय हे विसरतात. तुम्ही रॉकी गॉर्जला थांबा. घळीवरच्या पादचारी पुलावरून पलीकडे गेलात की थोड्याच चालीवर फॉल्स पाँड आहे. घळीपाशी गर्दी, पाँडवर त्या मानाने शांतता. घळीत पाणी जोरात असतं, तिथल्या खडकांवर ओली पानं म्हणजे घसरगुंडी. मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका, फोटो गेला खड्ड्यात.

तारखेचं मात्र बघा. वर पर्वतात रंग आधी येतो, साधारण सप्टेंबरच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. नॅशुआला तो त्यानंतर. तेव्हा तुमच्या कालव्यावर मेपल रंगात असतील तर वर झाडं उघडी पडायला लागली असणार. आपल्याला ते सोयीचंच आहे, पानं झाडावरून गेली म्हणजे पाण्यात आलीच. फार उशीर मात्र नको. पानावर मेणाचा पातळ थर असतो तोवर ते तरंगतं, मग पाणी पीत तपकिरी होतं आणि बुडतं.

ऊन नको, ढग हवेत. रात्री पाऊस पडून सकाळी थांबला असेल तर ऑफिसला सुट्टी टाका. वारा सुटायच्या आत, नऊच्या आधी पोचा. आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारच्या सुट्टीला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी त्या रस्त्याचं नावही काढू नका, पाण्यात पानांऐवजी गाड्यांची प्रतिबिंबं मिळतील.

मु.पो.नॅशुआ

शुक्रवारी रात्री पाऊस दाखवतायत. शनिवारी पहाटे पाचला निघते. नवरा ट्रायपॉड परत मागतोय, आता मिळणार नाही म्हणून सांगितलंय. फी काय द्यायची ते कळवा, घरी भडंग आहे.

तिपाईवाला

कोल्हापूरचं असेल तरच.